गठ्ठा म्हणालात, तर चहा मिळणार नाही

प्रश्न : अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्यांत 'कृष्णवर्णीय स्त्रिया म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा' हे वाक्य हमखास असतं. दहातल्या नऊ जणी त्याच पक्षाला मत देतात म्हणे. आपल्याकडे याला गठ्ठा मतदान म्हणतात. मग पक्षाला त्यांची किंमत कशी राहणार? बदल्यात त्यांना मिळतं तरी काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यजमानांच्या नोकरीमुळे 2016 ते 2021 मी जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ डेकेटरला राहिले. व्हिसावर असल्यामुळे मला मत नव्हतं. निवडणुका पाहिल्या त्या शेजारच्या बाईंच्या मागेमागे फिरून. सत्तरीच्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. तुमचा 'गठ्ठा' त्यांच्या कानावर घातला असता, तर त्यांचा तो बर्फ घातलेला गोडमिट्ट चहा मला पुन्हा मिळाला नसता.

दहातल्या नऊ हा आकडा खराच आहे, पण तो नोव्हेंबरचा, म्हणजे दोन पक्षांतल्या मुख्य लढतीचा. खरी निवड त्याआधी होते, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानात. मे 2018 मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटांकडे दोन स्टेसी होत्या : एब्रम्स कृष्णवर्णीय, इव्हान्स गोऱ्या. बाईंच्या पोर्चमध्ये चर्चच्या मैत्रिणींची रोज खडाजंगी. एब्रम्स आपली, हे खरं. पण गोरी माणसं नोव्हेंबरात तिला मत देतील का? आपलं माणूस आणि निवडून येणारं माणूस, यांची तोलामापी मी तिथे ऐकली तेवढी टीव्हीवर कधी ऐकली नाही. एब्रम्स मोठ्या फरकाने प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरात सुमारे 55 हजार मतांनी हरल्या.

याच हिशेबाने 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत बायडन तरले. आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा, तिन्हीकडे ते हरलेले. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाची प्रायमरी, आणि तिथे डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. चार दिवस आधी चार्ल्सटनच्या वादसभेत बायडननी जाहीर शब्द दिला : सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमेन. 2022 मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन न्यायाधीश झाल्या. 'मिळतं काय' याचं हे एक रोख उत्तर.

आता किमतीचं. ही निष्ठा भांडणातून आलीय, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. फॅनी लू हेमर मिसिसिपीत दुसऱ्याच्या मळ्यावर कापूस वेचणाऱ्या. चव्वेचाळीस वर्षांच्या होईपर्यंत आपल्याला मत असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ऑगस्ट 1962 मध्ये नाव नोंदवायला गेल्या, आणि मळेमालकाने अठरा वर्षांचं काम आणि राहतं घर, दोन्हींतून बाहेर काढलं. 1963 मध्ये विनोनाच्या तुरुंगात बेदम मारहाण झाली. 1964 मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनात आल्या आणि पक्षालाच जाब विचारला : मिसिसिपीतून तुम्ही सगळे गोरेच प्रतिनिधी कसे आणलेत? त्यांची साक्ष टीव्हीवर चालू असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी कॅमेरे वळावेत म्हणून घाईघाईने पत्रकारांना बोलावलं. वाहिन्यांनी ती साक्ष रात्री दाखवली, आणि उलट जास्तच घरांत पोहोचली. पक्षाने दोन जागांवर तडजोड सुचवली. हेमरबाईंनी ती धुडकावली. चार वर्षांनी शिकागोच्या अधिवेशनात त्या प्रतिनिधी म्हणून आल्या तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं.

बाईंच्या स्वयंपाकघरात हेमरबाईंचा फोटो होता, फ्रिजच्या वर, नातवंडांच्या रांगेत. सगळ्यांबरोबर त्याचीही धूळ पुसली जायची.

पण सतरंज्या उचलणारे वेगळे आणि खुर्चीवर बसणारे वेगळे, हे तिथेही आहेच. डिसेंबर 2017 मध्ये अलाबामातून डेमोक्रॅटिक पक्षाचे डग जोन्स सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले. मतदानोत्तर चाचणीनुसार कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी 98 टक्के त्यांच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी देशभर 'थँक यू'चा पाऊस. बाई म्हणाल्या, "थँक यू नको, तिकीट द्या. आणि तिकिटाबरोबर पैसेही." बरोबरच होतं. सिनेटमध्ये पहिली कृष्णवर्णीय स्त्री निवडून आली 1992 मध्ये, कॅरोल मोझली ब्राउन. एकाच वेळी दोघी बसलेल्या दिसायला 2025 उजाडावं लागलं. माझ्या मते पक्ष त्यांना घाबरतो प्रायमरीपुरता आणि गृहीत धरतो नोव्हेंबरात.

तरी त्या रांगेत उभ्या राहतातच. जून 2020 च्या प्रायमरीत अटलांटा भागात काही केंद्रांवर तासन्‌तास रांगा होत्या. बाई घडीची खुर्ची घेऊन गेल्या, मी पाण्याच्या बाटल्या. मार्च 2021 मध्ये जॉर्जियाने कायदा केला : मतदानाच्या इमारतीपासून 150 फुटांच्या आत रांगेतल्यांना खाणंपिणं वाटायचं नाही. मी तोवर परतीचं सामान बांधत होते. त्या नोव्हेंबरात फोन केला, तर म्हणाल्या, मुलाकडून मोजपट्टी मागवलीय. अंतर मोजून, खडूने रेघ मारून, पाण्याचा खोका त्यांनी रेघेपासून बराच लांब ठेवला. रांगेला लागण्याआधीच प्रत्येकाच्या हातात बाटली.