भीतीपोटी फोन सोडू नका

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून शिवाजी पेठेत राहतो. गेल्या महिन्यात पोलिसी गणवेशातील एका माणसाने व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगून मला तीन तास खोलीत बसवून ठेवले. पैसे वाचले, पण आता मुलगा स्मार्टफोन काढून घेतो म्हणतो. काय करावे?

उत्तर : फोन देऊ नका. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. हे भामटे आधी माणसाला एकटे पाडतात. दार लावा, कोणाशी बोलू नका, कॅमेरा बंद करू नका, असे त्यांचे हुकूम असतात, कारण शेजारच्याने ‘काय झालं, गुरुजी?’ एवढे विचारले तरी त्यांचा डाव मोडतो. असा फोन आल्यास तो कापून थेट मुलाला हाक मारा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. चिरंजीवांची काळजी खरी आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, आणि त्यामागचा स्वायत्ततेचा विचार वडीलधाऱ्यांच्या बाबतीत घरातही पाळला जावा, असे मला मनापासून वाटते. संध्याकाळी रंकाळ्यावर दोघे फिरायला जात असाल, तर दिवसभरात आलेले अनोळखी फोन तिथेच त्याला सांगत जा.