फोन कपाटात ठेवून मुलगी वनाधिकारी होत नाही

गडचिरोली जिल्ह्यातून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के पडले, नीटमध्ये जमलं नाही. आता म्हणते, जंगलावर फिल्म करायच्या. जंगलच आवडतं तर बीएस्सी करून वनसेवेत जावं. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात राहूनच पुस्तकं लिहिली ना? तूर्तास तिचा फोन कपाटात ठेवला आहे. लोक विचारतात, काय सांगू? ती कसा वेळ घालवते ते दिसावं म्हणून तिनं काढलेला एक व्हिडिओ सोबत पाठवतो.’

साहेब, ६८ टक्क्यांवर कुणाचं काही अडत नाही. मला काळजी वाटली ती कपाटाची. एवढ्या मोठ्या पत्रात लोक काय म्हणतात ते आहे, तुम्ही काय ठरवलंत ते आहे. मुलगी काय म्हणते, ते मात्र एका ओळीत संपलंय. आणि तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जो व्हिडिओ पाठवलात, तो तुम्ही शेवटपर्यंत पाहिला नसावा.

मी पाहिला. पहाटे आजी मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला जाते. शेजारच्या झाडाखालची जमीन काळी पडलेली, कारण फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून लोक पाचोळा पेटवतात आणि तीच आग पुढे रानात जाते. आजीनं मात्र जुन्या साड्या जोडून झाडाखाली ताणून बांधल्यात. फुलं त्यात पडतात, माती लागत नाही. कॅमेरा थोडा हलतो, आवाजात वारा घुसलाय. पण ‘वणवा लावू नका’ अशा पाट्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. वणवा लागतो का आणि त्याऐवजी करायचं काय, हे तुमच्या मुलीनं काही मिनिटांत दाखवलं. याला वेळ घालवणं म्हणत असाल तर तिनं तो आणखी घालवावा.

आता चितमपल्लींचं. त्यांचं उदाहरण बरेच पालक देतात आणि बहुतेक चुकीच्या ठिकाणी देतात. त्यांनी पाखरं, झाडं, आदिवासींचं रानज्ञान यावर लिहिलं. नोकरीत राहून ते करता येतं. पण जंगलावरची प्रत्येक फिल्म पाखरांची नसते. कर्नाटकात कुद्रेमुखच्या जंगलात सरकारी कंपनीची लोहखनिजाची खाण होती. वन्यजीवांवर फिल्म करणारे शेखर दत्तात्री यांनी २००१ मध्ये त्यावर छोटा माहितीपट केला. खाणीविरुद्धच्या मोहिमेत तो लोकांना दाखवला गेला, कार्यकर्ते न्यायालयात लढले, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाण बंद करण्याचा आदेश दिला. एकट्या फिल्मनं खाण बंद झाली असं मी म्हणणार नाही; याचिकेचं काम याचिकेनंच केलं. पण वनसेवेतल्या अधिकाऱ्याला अशी फिल्म काढता आली असती का? सेवेचे आचारनियम सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. तेव्हा ‘आधी साहेब हो, मग फिल्म कर’ हा सल्ला ऐकायला सोयीचा आहे, इतकंच. आणि वनाधिकाऱ्याची नोकरी म्हणजे फावल्या वेळात फोटो, असं समजत असाल तर एखाद्या आरएफओला, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, वणव्याच्या दिवसांत भेटून या.

गंमत म्हणजे तुमचं जे भांडण पदवीनंतर व्हायचं, ते तीन वर्षं लवकर सुरू झालंय. यूपीएससीच्या वनसेवेला पदवी लागते, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म शिकवणाऱ्या संस्थेत दिग्दर्शन किंवा छायाचित्रण शिकायलाही पदवीच लागते. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केली तर दोन्ही दारं उघडी राहतात. दत्तात्रींची पदवीसुद्धा प्राणिशास्त्राचीच. ज्याला साग आणि ऐन ओळखता येत नाही, त्यानं जंगलावर फिल्म करू नये, असं माझं मत आहे. महागडा कॅमेरा मात्र आत्ता घेऊन देऊ नका. जुना लॅपटॉप आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरे.

पैशाचं खरं सांगतो. सुरुवातीची काही वर्षं या कामात ठरलेला पगार नसतो. संस्थांची छोटी कामं, दुसऱ्यांचं एडिटिंग, वेळ पडली तर लग्नाचं शूटिंग. हे तिला आत्ताच सांगा, पण धमकी म्हणून नको.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. मला तिला विचारायचंय: शेजारच्या झाडाखाली आग कुणी लावली, त्यांच्याशी ती बोलली का? साड्या बांधायला त्यांची काय अडचण होती? व्हिडिओत त्यांची बाजू नाही.