फणसाचे मोठे वाडगे कातायला किती एचपीचा लेथ घ्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापुरात घरी अर्ध्या एचपीचा छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) आहे, सहा इंची वाडगे निघतात, पण फणसाचा नऊ-दहा इंची ठोकळा लावला की लेथ थांबतो. आता बारा इंची वाडगे आणि जमलं तर भाकरीच्या पिठाची काठवट कातायची आहे, तर दीड एचपी घ्यावा की दोन?

थांबतो तेव्हा नक्की काय थांबतं, ते आधी बघा. मोटरची पुली फिरतेय आणि स्पिंडल (ठोकळा फिरवणारा दांडा) उभा, म्हणजे पट्टा घसरतोय. तो ताणला किंवा बदलला की भागतं. मोटरच गुरगुरत जागेवर अडकली तर ताकद कमी पडतेय. आणि गाऊजला (कातायच्या खोबणीदार पटाशीला) धार नसेल तर दोन एचपीसुद्धा अपुरे पडतील. धार चांगली असेल तर ओल्या फणसाची पिवळी सालपटं लांबच्या लांब मनगटावरून सुटत जातात. बोथट असेल तर नुसता भुसा पडतो आणि लाकूड करपल्याचा वास येतो.

हे सगळं ठीक असूनही अडत असेल तर नवा लेथ घ्याच. पण एचपीचा आकडा विचारण्याआधी वेग कसा कमी होतो ते विचारा. वाडग्याचा इंचातला व्यास आणि आरपीएम यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवायचा असा कातकामातला ठोकताळा आहे. म्हणजे बारा इंचाला 500 ते 750, सोळा इंची काठवटीला साधारण 375 ते 560. ठोकळा वेडावाकडा असेल तर सुरुवात याच्याही बरीच खाली. आता नेहमीची दीड एचपीची मोटर फिरते 1440 ला. नुसत्या व्हीएफडीनं (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणानं) तिला 480 वर आणलं तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास तेवढाच राहतो, पण ताकद एक तृतीयांशावर येते. पाटीवर दीड आणि हातात अर्धा! तीच मोटर पूर्ण वेगानं चालवून पुलीनं तिनास एक असा वेग कमी केला, तर दीडच्या दीड एचपी स्पिंडलला मिळतो (पट्ट्यात थोडं जातं ते सोडा) आणि टॉर्क तिप्पट होतो. म्हणून व्हीएफडी हवाच, पण सोबत दोन-तीन टप्प्यांची पुलीही हवी. नुसत्या व्हीएफडीच्या लेथबद्दल ‘पट्टा बदलायची कटकट नाही’ हे विक्रेता कौतुकानं सांगतो, वाडगेवाल्यानं मात्र तिथंच सावध व्हावं. शिवाय कमी फ्रिक्वेन्सीवर मोटरचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते.

घरी सिंगल फेज आहे म्हणून अडत नाही. सिंगल फेज आत आणि थ्री फेज बाहेर देणारा व्हीएफडी मिळतो. मात्र तो बाहेर 230 व्होल्टच देतो, म्हणून स्टार जोडणीत 415 वर चालणारी मोटर डेल्टा जोडणीत जोडावी लागते. वायरींची सहा टोकं बाहेर काढलेली मोटर बघून घ्या, रिवाइंडिंगवाला दहा मिनिटांत जोडून देईल. दोन एचपीला सोळा अँपिअरचा सॉकेट पुरतो.

मापात फसू नका. आपल्याकडे बरेच जण सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून (लेथच्या खालच्या लांब पायापासून) स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची, सांगतात. सहा इंच सांगितलं तर बेडवर बारा इंच फिरेल. तेही नुसतं बेडवर. टूल रेस्टचा (गाऊज टेकवायच्या आधाराचा) पाया खाली सरकवायचा तर उंचीतले दीड-दोन इंच आणखी गेले. बारा इंची वाडग्याला आठ इंच सेंटर हाइट धरा. काठवटीसाठी हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेला भाग) फिरणारा किंवा बेडच्या टोकापर्यंत सरकणारा असेल तर उत्तम, काठवट बेडच्या बाहेर फिरवता येते.

वजनाला पर्याय नाही. बिडाचा बेड घ्या. स्टँड हलका असेल तर खालच्या फळीवर वाळूची पोती टाका.

उद्यमनगरात (कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात) जुना लोखंडकामाचा लेथ स्वस्तात दिसला तर मोह होईल. ताकद असते, वजन असतं, पण कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) आडवं येतं, हातानं गाऊज टेकवायला जागा नसते, आणि पॉलिशपेपरची धूळ तेलकट बेडवर बसून तो झिजवते. मी घेणार नाही. त्यापेक्षा उद्यमनगराचा उपयोग दुसरीकडे करा: तुमचा आत्ताचा चक (ठोकळा पकडणारा जबडा) नव्या स्पिंडलच्या आट्यांना बसला नाही तर ॲडॉप्टर तिथं कातून मिळेल. नमुना म्हणून स्पिंडलची नट सोबत न्या, नुसतं माप सांगून भागत नाही. लेथ उलटा फिरवून वाडगा घासायचा असेल तर चक अडकवायला ग्रब स्क्रूही (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) करून घ्या, नाहीतर चक सुटून अंगावर येतो.

तर, वाडगेच करणार असाल तर पुलीसकट दीड एचपी पुरे. काठवट खरंच करायची असेल तर दोन घ्या. पैसे देण्याआधी वखारीतून गोल कापून आणलेला स्वतःचा बारा इंची ठोकळा लेथवर चढवून बघा, आणि विक्रेत्याला तो 300 आरपीएमवर कातून दाखवायला सांगा.