शाळेतल्या मुलांना पर्सनल होमपेज (ब्राउझर उघडला की समोर येणारं, आपल्या कामाच्या लिंकांचं पान) बनवून दिलं तर माहिती शोधायला फायदा होतो का? आणि आपल्या रोजच्या कामाला?

मी रावेर तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवतो आणि घरी केळीचा बाग आहे, त्यामुळे तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी रोज करतो. फायदा होतो, पण पान भरगच्च केलं की संपलं.

आयगूगल, म्हणजे गूगलचं असं पान बनवून देणारी सोय होती, तेव्हापासूनची सवय आहे ही. ते १ नोव्हेंबर २०१३ ला बंद झालं, साइटवरच्या नव्या बातम्या एका जागी दाखवणारं गूगल रीडर त्याच वर्षी जुलैत गेलं होतं, नंतर मी असंच पान बनवून देणाऱ्या स्टार्ट डॉट मी या साइटवर आलो. सकाळी ब्राउझर उघडला की समोर दोन पेपरांच्या हेडलाइन आणि केळीचे भाव, हे आरएसएसनं (साइटवरचं नवीन ते आपल्या पानावर आणणारी सोय, तिलाच फीड म्हणतात) आपोआप येतं, आणि शेजारी हवामान खात्याच्या जिल्हा अंदाजाची न् मंगळवार-शुक्रवारच्या कृषी सल्ल्याची लिंक, बस. हिवाळ्यात पारा १० च्या खाली जाणार असेल तर आदल्या दिवशी कळलेलं बरं असतं, निसवणीतल्या, म्हणजे घड बाहेर पडत असलेल्या बागेला ती थंडी फार लागते. आधी क्रिकेट, राशिभविष्य, तीन तीन घड्याळं असं सगळं भरलं होतं, ते बघता बघता चहा गार व्हायचा आणि भाव बघायचा राहूनच जायचा.

वर्गाचं सांगतो. लॅबमध्ये सात कॉम्प्युटर, एकेकावर तीन-चार पोरं. "तापीची माहिती शोधा" म्हटलं की सगळे गूगलवर टाकणार आणि जी साइट पहिली येईल ती जशीच्या तशी वहीत, एकानं तर "अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा" हे पण उतरवलं होतं, सुवाच्य अक्षरात! मग सिम्बालू नावाच्या साइटवर पान केलं, त्यात चौकोनी टाइल्स असतात म्हणून पाचवीच्या पोरांनाही चटकन जमतं. मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, जिल्हा गॅझेटियर, हवामान खातं, एवढंच ठेवलं. गूगल बंद नाही केलं, फक्त आधी यातल्या दोन ठिकाणी बघायचं आणि नदीची लांबी वेगवेगळी निघाली तर दोन्ही आकडे लिहायचे, कुठून घेतले त्यासकट.

आता माझी फजिती. माझ्या पानावर केळीचे भाव दाखवणाऱ्या चौकटीतली फीड कधीतरी बंद पडली होती पण जुनी हेडलाइन तशीच दिसत राहिली, माझं लक्षच नाही. शेजारच्या काकांनी बांधावरून विचारलं, "आज काय भाव हाये रे भो?", मी मोबाइल बघून सांगून मोकळा. काका त्याच भावाला अडून बसले आणि व्यापारी हसला, हा तर मागच्या महिन्याचा भाव. दोन दिवस काका बोलले नाहीत माझ्याशी. तेव्हापासून वर्गात नियमच केलाय, वहीत माहितीसोबत पानावरची तारीख पण लिहायची, नसेल तर "तारीख नाही" असं लिहायचं. हल्ली पोरंच मला धरतात, "सर, हे तर २०११ चं हाये."

आणि मुलांची वेगवेगळी अकाउंट काढत बसू नका, अर्धा तास पासवर्ड विसरण्यात जातो. तुमच्या एकाच अकाउंटवर पान करा, पब्लिक ठेवा आणि सगळ्या कॉम्प्युटरवर तेच होमपेज म्हणून सेट करून टाका.