आरओच्या पाण्याने कडक लेन्स धुतली तर चालेल का?

प्रश्न : माझ्या मुलाला केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येण्याचा विकार, असल्याचे दोन वर्षांपूर्वी कळले. तो आता 19 वर्षांचा आहे आणि तेव्हापासून कडक, म्हणजे आरजीपी, लेन्स वापरतो. सोल्यूशनची बाटली महाग पडते, म्हणून क्लीनरने चोळलेली लेन्स आम्ही आरओच्या पाण्याने धुऊन मग डबीत ठेवतो. माझ्या नणंदबाई पंचवीस वर्षांपूर्वी अशाच लेन्स वापरत. त्या लेन्स सरळ नळाखाली धरायच्या आणि त्यांना कधी काही झाले नाही. परवा मात्र लेन्सला पाणी अजिबात लावू नका, असे आम्हाला सांगण्यात आले. यातले खरे काय?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, परवा सांगितले तेच खरे आहे आणि ते आजपासूनच पाळावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नणंदबाईंचेही काही चुकले नव्हते, कारण त्या काळी आम्ही डॉक्टर मंडळीच तसे सांगत होतो. कडक लेन्स मऊ लेन्ससारखी पाणी शोषून घेत नाही, त्यामुळे नळाखाली धरली तरी बिघडत नाही, असा तेव्हाचा समज होता. पाणी लेन्सच्या आत शिरत नसले तरी त्यातले जंतू लेन्सच्या पृष्ठभागावर आणि त्याहूनही अधिक डबीच्या कोपऱ्यांत घर करतात, हे पुढे अनुभवाने लक्षात आले आणि तो सल्ला बदलला.

या जंतूंमध्ये सर्वांत अधिक भीती आहे ती अकांथअमीबा नावाच्या एकपेशीय जीवाची. तो माती, तळी, पाण्याच्या टाक्या आणि नळाचे पाणी अशा सगळ्या ठिकाणी आढळतो, आणि परिस्थिती प्रतिकूल झाली की स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करून निपचित पडून राहतो. पिण्याच्या पाण्यात जेवढे क्लोरीन असते तेवढ्याने हे कवच भेदले जात नाही. म्हणूनच पेंच किंवा कन्हान नदीचे पाणी शुद्धीकरण होऊन आपल्या घरी येते तेव्हा ते पिण्यास योग्य असते, पण डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, दिवसभर दाबून ठेवण्यास योग्य नसते. जो जीव पोटात गेला तर सहसा काहीच करत नाही, तोच लेन्सखाली सापडला तर कॉर्निया पोखरू लागतो. वेदना इतक्या तीव्र असतात की वरून दिसणाऱ्या लालीशी त्यांचा मेळ बसत नाही. उपचार कित्येक महिने चालतात आणि काही रुग्णांना अखेर कॉर्नियाचे प्रत्यारोपण करावे लागते.

आरओच्या यंत्राबद्दल आपला गैरसमज स्वाभाविक आहे. ते यंत्र क्षार काढते, त्यामुळे पाणी गोड लागते. पण त्याच्या टाकीत आणि तोटीत साठलेले पाणी निर्जंतुक राहत नाही. हीच गोष्ट वीस लिटरच्या जारची, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची आणि उकळून गार केलेल्या पाण्याची. उकळताना जंतू मरतात हे खरे, परंतु गार होताना भांडे, झाकण आणि आपला हात यांतून ते पुन्हा पाण्यात येतात. बोअरच्या जड पाण्याने लेन्सवर क्षारांचा थर चढून ती खुपू लागते, हा आणखी एक त्रास. घरी मीठ घालून सलाइन तयार करण्याचा खटाटोपही कोणी करू नये. 1980च्या दशकात अशा घरगुती सलाइनचा अकांथअमीबाच्या संसर्गाशी संबंध स्पष्टपणे आढळला होता.

आता रोजची पद्धत सांगतो. रात्री लेन्स काढण्यापूर्वी साध्या साबणाने हात धुवावेत आणि स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावरून पाणी लेन्सवर जातेच. आपल्याकडे संत्री सोलल्यावर सालीचे तेल आणि सावजी रस्सा खाल्ल्यावर तिखट बोटांना चिकटून राहते; त्या दिवशी हात दोनदा धुतले तरी ते जास्त होत नाही. लेन्स तळहातावर वाटीसारखी ठेवून क्लीनरचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि बोटाच्या पेराने दोन्ही बाजू साधारण वीस-वीस सेकंद हलक्या हाताने चोळाव्यात. दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबू नये, त्याने लेन्सचा आकार बिघडतो किंवा तिला तडा जातो. हे चोळणे अनेक मुले टाळतात, आणि मला वाटते सगळ्यात मोठी चूक तीच आहे; अश्रूंतली प्रथिने आणि मेद यांचा थर निघाल्याशिवाय सोल्यूशन जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर लेन्स निर्जंतुक सलाइनने किंवा कडक लेन्सच्याच सोल्यूशनने धुऊन, ताज्या सोल्यूशनने भरलेल्या डबीत लेबलवर लिहिलेला वेळ, बहुधा रात्रभर, बुडवून ठेवावी. सलाइन केवळ धुण्यासाठी असते, त्याने जंतू मरत नाहीत, म्हणून लेन्स सलाइनमध्ये ठेवणे म्हणजे ती निर्जंतुक करणे नव्हे.

डबीतले कालचे सोल्यूशन टाकून न देता त्यावर थोडे नवे ओतायचे, ही काटकसर फार महागात पडते. सकाळी डबी रिकामी करावी, सोल्यूशननेच चोळून धुवावी आणि स्वच्छ कापडावर पालथी घालून उघडी सुकू द्यावी. दर तीन महिन्यांनी, जमल्यास त्याआधीच, नवी डबी घ्यावी. खर्चाची आपली अडचण मी समजू शकतो. बचत करायचीच असेल तर लेन्स धुण्यासाठी महागड्या सोल्यूशनऐवजी निर्जंतुक सलाइन वापरावे आणि बाटली उघडल्यावर ते किती दिवस चालते हे लेबलवर पाहावे. पण पाण्याकडे वळू नये.

शेवटी, केराटोकोनसच्या मुलाला डोळे चोळू देऊ नका. त्याचा कॉर्निया आधीच पातळ असून चोळल्याने तो आणखी पुढे येऊ शकतो. खाज येत असेल तर ॲलर्जीचे औषध डॉक्टरांकडून घ्यावे, गुलाबजल घालू नये.

प्रश्न : मी हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोल्यूशन वापरू लागले. एकदा घाईत लेन्स त्या बाटलीतल्या द्रवाने धुऊन डोळ्यात घातली आणि डोळ्याची भयंकर आग झाली. हे सोल्यूशन बंद करावे का?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : बंद करण्याची गरज नाही. उलट, जंतू मारण्यात ते फार प्रभावी आहे आणि ज्यांना इतर सोल्यूशनमधील प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास होतो त्यांना ते मानवते. मात्र बाटलीतला 3 टक्के पेरॉक्साइड कधीही थेट डोळ्यात जाता कामा नये. त्याच्यासोबत मिळणाऱ्या उभ्या डबीत एक प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. तिच्या सान्निध्यात बुडबुडे येत पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू होतात. याला साधारण सहा तास लागतात, तेवढा वेळ देण्याआधी लेन्स बाहेर काढू नये. साध्या चपट्या डबीत हे घडत नाही, म्हणून ती वापरू नये. चकतीची शक्ती हळूहळू कमी होत असल्याने प्रत्येक नव्या बाटलीबरोबर येणारी नवी डबीच वापरायला घ्यावी. पुन्हा तसे झालेच तर लेन्स लगेच काढून डोळा भरपूर सलाइनने, ते नसेल तर स्वच्छ पाण्याने, धुवावा आणि दाखवून घ्यावा.

प्रश्न : उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत लेन्सची डबी ठेवली तर चालते का? आणि रस्त्यात लेन्स निघाली तर काय करावे?
– एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : चालत नाही. नवतपात बाहेरच 45 अंशांच्या आसपास तापमान असते, बंद डिकीत ते त्याहून बरेच वाढते. त्या उष्णतेने लेन्सचा आकार बदलू शकतो आणि सोल्यूशनची ताकदही उतरते. डबी आणि सलाइनची लहान बाटली अंगावरच्या पिशवीत ठेवावी. निघालेली लेन्स तोंडात घालून ओली करण्याची सवय काहींना असते, ती सोडावी, कारण तोंडातले जीवाणू कॉर्नियाला घातक असतात. सलाइन नसेल तर लेन्स कोरडीच डबीत ठेवावी, चष्मा लावावा आणि घरी आल्यावर चोळून, पूर्ण वेळ सोल्यूशनमध्ये ठेवून मगच वापरावी. कूलरमध्ये पाणी भरताना, अंघोळ करताना आणि पोहायला जाताना लेन्स डोळ्यात नसावी. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि लेन्स व डबी न धुता सोबत न्यावी, म्हणजे जंतू कोणता हे तपासता येते.