पाळणाघराचा दिवस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लातूरला घरीच पाळणाघर चालवते. सहा लेकरं आहेत. सगळ्यांत लहान दहा महिन्यांचं, सगळ्यांत मोठी साडेचार वर्षांची. ती बालवाडीतून साडेबाराला येते. बाकीचे आईबाप साडेआठ ते दहाच्या दरम्यान सोडतात, सहापर्यंत नेतात. शाळेसारखं वेळापत्रक करून भिंतीला लावलं, पण रोज अकरा वाजले की दोघं-तिघं एकदम रडायला लागतात आणि पुढचं सगळं कोलमडतं. कुठं चुकतंय?

उत्तर : गाणी, चित्रं, गोष्टी असे तासातासाचे रकाने पाडले की असंच होतं. अकराला रडणारं एक लेकरू भुकेलेलं असतं, दुसरं झोपेला आलेलं असतं आणि तिसरं या दोघांचं बघून सुरू करतं. तेव्हा आधी फक्त जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पक्क्या करा. गाणी-खेळ मधल्या जागेत बसतात. एखाद्या दिवशी नाही बसले तरी बिघडत नाही.

दाराशी एक वही टांगा. लेकरू सोडतानाच आईला दोन गोष्टी विचारून लिहायच्या : आज किती वाजता उठलं आणि शेवटचं काय, कधी खाल्लं. दहा महिन्यांचं बाळ एका दमात साधारण तीन तास जागं राहतं. साडेसहाला उठलेल्या बाळाला साडेनऊला झोप हवी, आणि नेमकी तेव्हाच तुमच्याकडे दाराची उघडझाप चालू असते. त्याची झोळी किंवा गादी आतल्या खोलीत हलवा. तासभर झोपून ते साडेदहाला उठलं, की दुसरी झोप दीडच्या सुमारास येते, म्हणजे इतरांच्या झोपेत मिसळते. सकाळची झोप हुकली तर ते जेवता जेवता पेंगतं, अर्धपोटी झोपतं, पाऊण तासात भुकेनं उठतं आणि बाकीच्यांनाही उठवतं. तुमच्या अकराच्या रडारडीचं मूळ बहुधा इथंच आहे.

दुसरं कारण बिस्किटं. येताना हातात पुडा, साडेदहाला पुन्हा दोन, मग साडेअकराला वरण-भात कोण खाणार? दोन खाण्यांमध्ये दोन ते तीन तास पाण्याखेरीज काही नको. साडेनऊच्या आत केळं, पपई किंवा चिकू. साडेअकराला दोन वर्षांखालच्यांना भरवा आणि बाराला मोठ्यांना ताटं द्या. सगळ्यांना एकदम बसवलं तर एका बाईचे हात पुरत नाहीत. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला 250 मिलीच्या वाटीची अर्धी वाटी घट्टसर जेवण, एक ते दोन वर्षांच्याला पाऊण ते एक वाटी. मुगाची खिचडी, वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, वरून चमचाभर तूप. चमच्यातून ओघळेल इतकं पातळ करू नका, त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच, ती श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचं कूट खिचडीत चालतं. वर्षाखालच्या बाळाला मध तर अजिबात नको.

पाऊणला मोठ्यांना संडास-बाथरूम, साबणानं हात, मग गाद्या. एक ते तीन झोप. बालवाडीतून साडेबाराला येणाऱ्या मुलीचं ताट स्वयंपाकघरात वेगळं वाढून ठेवा आणि दप्तर-चपला बाहेरच ठेवायला शिकवा. ती हॉलमधून गेली की नुकतीच पडलेली लेकरं उठून बसतात. सव्वातीनला लाह्या, उपमा किंवा राजगिऱ्याचा लाडू कुस्करून, बाळाला दूध. साडेचारनंतर अंगण.

बाथरूमला नेण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात : आल्यावर, जेवणाआधी, झोपेआधी, उठल्याबरोबर. डायपर दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर लगेच.

आणि एक खर्चाची गोष्ट. सव्वाअकरा ते दीड एवढ्या सव्वादोन तासांसाठी मदतनीस ठेवा. दिवसभराची बाई परवडत नसेल तरी एवढ्यापुरती हवीच. एक बाई भरवते आहे आणि दुसरं बाळ रांगत गॅसजवळ जातं आहे, हे याच वेळात घडतं. स्वयंपाक शक्यतो साडेआठच्या आत उरका.

प्रश्न : आमचं घर परभणीला, वरची खोली पत्र्याची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लाइट जाते. उन्हाळ्यात दिनक्रम बदलावा का? पाच महिन्यांच्या बाळाला पाणी द्यावं का? त्याची आई दूध काढून ठेवून जाते.

उत्तर : पाच महिन्यांच्या बाळाला पाणी नको, कितीही ऊन असो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधातूनच पाणी मिळतं. वरून पाणी पाजलं की पोट त्यानंच भरतं, दूध कमी जातं आणि जुलाबाची शक्यता वाढते. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवा. दिवसरात्र मिळून सहा तरी लंगोट ओले होतात की नाही, हे आईशी बोलून बघा.

काढलेल्या दुधाची चार तासांची मर्यादा 25 अंशांपर्यंतच्या खोलीची आहे. परभणीच्या उन्हाळ्यातली खोली कुठली तेवढी थंड? आल्या आल्या दूध फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. लाइट गेली की फ्रिज उघडू नका. दोन तासांहून जास्त लाइट जात असेल तर बर्फ भरलेला थंडा डबा तयार ठेवा. कोमट पाण्यात बाटली धरून दूध गरम करा, गॅसवर नको. बाळानं तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं, कितीही उरलेलं असो. पाजायला वाटी-चमचा बरा. बाटलीचं बूच नीट स्वच्छ होत नाही.

दिनक्रम बदलायलाच हवा. अंगणातला खेळ सकाळी साडेआठ-नऊच्या आत आणि पुन्हा साडेपाचनंतर. अकरा ते चार सगळं तळमजल्यावर, पत्र्याखाली कुणीच नको. मोठ्या लेकरांना तहान लागायची वाट बघू नका : दर अर्ध्या तासाला माठातलं चार घोट पाणी, जेवणाबरोबर ताक. लघवी पिवळीजर्द किंवा चार-पाच तास झालीच नाही, लेकरू मलूल झालं, तर डॉक्टरांकडे न्या. जुलाब असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करून नव्हे.

कूलर खिडकीत बसवा आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि उलट जास्त उकडतं. टाकीत पाणी भरताना आधी प्लग काढा; लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर शॉक बसतो. मुलांची गादी कूलरपासून हात पोहोचणार नाही इतकी लांब.

तुम्ही विचारलं नाही, पण मराठवाड्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात. रांगणारं बाळ बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकतं. पिंपांना घट्ट झाकण, बादल्या पालथ्या आणि बाथरूमचं दार कडी लावून. आठवड्यातून एकदा पिंपं रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच होतात.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलाची आई म्हणते, «दुपारी झोपवू नका, रात्री अकरापर्यंत जागतो.» पण दुपारी तो आपोआप पेंगतो. कुणाचं ऐकायचं? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तिचा त्रास खरा आहे, उपाय मात्र चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार या वयाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते. अकराला झोपून सातला उठणाऱ्याला रात्रीचे आठच तास मिळतात. दुपारची काढली तर तो संध्याकाळी सहाला गाडीवरच झोपेल आणि रात्री बारापर्यंत जागेल. झोप काढू नका, अलीकडे आणा. पाऊणला झोपवा, सव्वादोनला पडदा उघडा, अडीचपर्यंत उठवा. उठताना चिडचिड झाली तर पाच मिनिटं मांडीवर घ्या, मग पाणी आणि खाणं.

घरीही सकाळी रोज साडेसहा-सातला उठवायला सांगा, रविवारीसुद्धा. जेवताना मोबाइल लावून देतात का, तेही विचारा. रात्री साडेआठनंतर मोबाइल-टीव्ही बंद झाल्याशिवाय झोपेची वेळ अलीकडे येत नाही. दोन आठवडे दोन्ही घरी सारखं करून बघा आणि रात्रीची झोपेची वेळ दाराशी टांगलेल्या वहीत लिहून घ्या, म्हणजे आईलाही फरक आकड्यात दिसेल.