फीत परत देण्याचा खेळ

“ताई, आम्ही त्याला एकलकोंडा तर करत नाही ना?”

मुलांना घरी शिकवणारे आईबाबा माझ्याकडे आले की हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतोच. इंग्लंडमधल्या मराठी घरांत तो जास्तच टोचतो. इथे शेजारी आजी नाही, जिन्यात दंगा करणारी पोरं नाहीत. या वेळी विचारणारी आई मिडलंड्समधल्या एका शहरात राहणारी, माहेर सांगलीकडचं. मुलगा दहा वर्षांचा. (घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

शाळेतल्या जेवणाच्या हॉलमधला कलकलाट त्याला सहन व्हायचा नाही. कानांवर हात घट्ट दाबून तो टेबलाखाली बसायचा. पुढे रोज सकाळी पोट दुखायला लागलं, मग नुसता गणवेश दिसला तरी रडू. शेवटी आईबाबांनी पत्र देऊन शाळेतून नाव काढलं. इथला १९९६ चा शिक्षण कायदा तशी मुभा देतो: मुलाला वय, कुवत आणि गरजेनुसार शिक्षण मिळवून देणं ही पालकांची जबाबदारी, मग ते शाळेत मिळो वा अन्य प्रकारे. वर्षभरात पोटदुखी गेली, गणितात गाडी पुढे गेली. पण सांगलीहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, “मित्र कोण रे तुझा?” आणि हा उठून आत जायचा.

त्याच सुमारास आईला कळलं, जवळच्या रग्बी क्लबच्या मैदानावर बुधवारी दुपारी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी खेळाचं सत्र असतं. सगळ्या वयांची, सगळ्या प्रकारची मुलं चालतात. बाबांनी कपाळाला हात लावला. “गोंगाट झेपत नाही त्याला, आणि रग्बी?”

शंका रास्त होती. मी आईला म्हटलं, पाठवायच्या आधी प्रशिक्षकांना चार गोष्टी विचारा. अंगाला अंग भिडतं का? शिट्टी वाजते का? मूल मधेच बाहेर पडलं तर कोणी ओढून आत आणतं का? तुम्ही तिथे थांबू शकता का?

उत्तरं चांगली आली. खेळ टॅग रग्बीचा. इथल्या क्लबांमध्ये आठ वर्षांखालच्या गटापर्यंत हाच प्रकार खेळवतात, टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, त्यानंतर. या सत्रात मात्र वयं मिसळलेली म्हणून सगळ्यांनाच टॅग. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना चिकटवलेली एकेक फीत. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत खेचून “टॅग!” ओरडायचं. पाडायचं नाही, ढकलायचं नाही. फीत गेली की पळणाऱ्यानं लगेच चेंडू दुसऱ्याला द्यायचा, आणि ज्यानं ती खेचली त्यानं ती स्वतःच्या हातानं परत करायची. तोवर त्याला पुन्हा खेळता येत नाही. कबड्डीवर वाढलेल्या बाबांना एवढं सांगितल्यावर खेळ कळला. शिट्टीऐवजी प्रशिक्षक हात वर करणार होते, कारण तिथे कानाला यंत्र लावणारी एक मुलगीही येत होती.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो चेंडू. लंबगोल असल्यामुळे तो उसळून कुठे जाईल, भल्याभल्यांना सांगता येत नाही. सगळ्यांच्याच हातून सुटतो. चुकायला घाबरणाऱ्या मुलासाठी ही केवढी मोठी सोय आहे! शिवाय रग्बीत हातानं पास पुढे देता येत नाही. पुढे पळायचं, पण चेंडू मागच्याकडेच द्यायचा. म्हणजे आपल्यामागे कोण येतंय, ते बघावंच लागतं.

पहिल्या बुधवारी तो गाडीतून उतरलाच नाही. दुसऱ्या बुधवारी कुंपणापाशी उभा राहिला. आईचा जीव वरखाली होत होता. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या: घरी आल्यावर “खेळलास का?” विचारायचं नाही, आणि इतर मुलांकडे बोट दाखवायचं नाही. काठावरून बघणं हेही येणंच आहे. या टप्प्यावर घाई केली की मूल महिनाभर मागे जातं, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

चौथ्या आठवड्यात त्यानं पट्टा बांधून घेतला. सहाव्यात आईनं मला पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखलेला हा, हातात कुणाची तरी पिवळी फीत. तो क्षणभर थबकतो, मग दोन पावलं पुढे जाऊन ती समोरच्या मुलाला देतो. तो मुलगा ती पट्ट्याला लावत काहीतरी बोलतो. हा मान हलवतो, आणि दोघं पळतात.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. शाळेत कोण कधी येऊन धडकेल, याचा त्याला नेम नव्हता. इथे जवळ कसं यायचं, किती यायचं आणि मग काय करायचं, ते आधीच ठरलेलं होतं.

सगळं सुटलं असं नाही. वाढदिवसाच्या पार्ट्यांना तो आजही जात नाही, जोराचा पाऊस असला की मैदानावरही नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाला रग्बीपेक्षा पोहणं किंवा बुद्धिबळ मानवेल. तुमच्या मुलासाठी शोधताना मुलांची संख्या मोजू नका, ते चार प्रश्न विचारा.

गेल्या महिन्यात आजींनी कॉलवर पुन्हा विचारलं, “मित्र कोण रे तुझा?” या वेळी तो बसून राहिला. म्हणाला, “आहे एक. नाव नाही माहीत. पण तो नेहमी डावीकडून येतो, मी बघून ठेवलंय.”

“अरे, मग बुधवारी नाव विचार की!” आजी म्हणाल्या.

त्यानं विचारलं का, ते आईनं त्याला विचारलेलं नाही. मीही नाही.